वीतभर खोल

कोपरच्या एका गल्लीत आम्ही रस्त्याकडेला इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचे तीन खांब उभे केले. त्या कामाचा सुपरवायझर मी. खांब उभा करण्यात काही नाही, नट आवळले की झालं. जीव जातो तो चर खणण्यात. वीज कंपनीच्या पेटीपासून खांबापर्यंत फुटपाथखालून केबल न्यायची, तीही जवळजवळ कमरेइतकी खोल. वर वाळू, वाळूवर विटांचा थर. म्हणजे पुढेमागे कुणी खणलंच तर आधी वीट लागते आणि खणणारा सावध होतो. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलोय.

या गल्लीत हातभर खोल गेलो आणि पाण्याची जुनी लाइन लागली. आडवी असती तर निभावलं असतं, पण ती बया चराच्या बरोबर खालून शेवटपर्यंत गेलेली. चर बाजूला सरकवायचा तर नव्याने परवानगी हवी, आणि गणपती जवळ आलेले, खोदकामाची मुदत गुरुवारी संपत होती. शुक्रवारी उद्घाटन. विटांचा टेम्पो शिळफाट्याला अडकून पडलेला. साहेब फोनवर म्हणाले, "काहीही करा, शुक्रवारी गाडी चार्ज झाली पाहिजे."

मी काहीही केलं. पाइपाच्या वर, जमिनीपासून जेमतेम वीतभर खोल केबल अंथरली, माती लोटली आणि पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. विटा नाहीत, वाळू नाही. सणानंतर येऊन नीट करू, असं स्वतःला सांगितलं. खोटं बोलायला समोर दुसरा माणूस लागतोच असं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा फार बरी वाटलेली. दर आठ-दहा फुटांवर माती भुसभुशीत लागायची, पहार नुसती टेकवली तरी आत जायची. माझी माणसं खूश, मीही खूश. ती तिथेच भुसभुशीत का, असा प्रश्न माझ्या मठ्ठ डोक्यात आला नाही.

तो आला रविवारी सकाळी, कळव्यात, दुधाची पिशवी हातात असताना. आमच्या गल्लीत मंडपवाल्यांनी फुटपाथचे ब्लॉक उचलायला घेतले होते. मंडपाचे खड्डे दरवर्षी त्याच जागी घेतात. विसर्जन झालं की माती लोटतात, वर ब्लॉक ठेवतात, पुढल्या वर्षी पुन्हा तीच माती उकरतात. मी स्वतः तरुणपणी त्या खड्ड्यांत बांबू उभे केलेत. आमच्या मंडळाच्या माणसाने पहार उचलली आणि मला एकदम उमगलं. कोपरच्या गल्लीतली ती मऊ माती मंडपाची होती, आणि माझी केबल त्या प्रत्येक खड्ड्यातून गेली होती. शुक्रवारपासून तिच्यात वीज होती.

वीज कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. रविवार. लाइनमन बाहेर गेलाय, साहेबांना विचारून कळवतो. वीज बंद करायची तर पेटीची किल्ली त्यांच्याकडे. मग मी तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. चार्जर नकोत म्हणून याच गृहस्थांनी मला महिनाभर नाकीनऊ आणले होते.

"मंडपाचे खड्डे चालू झालेत का?"

"झाले की. का हो?"

"जरा थांबवा त्यांना. मी येतोय."

"कशाला थांबवू? कारण सांगा ना."

कारण माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगितलं की सोमवारी साहेबांच्या टेबलावर जाणार, आणि बावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार? मी म्हणालो, "थोडं टेक्निकल आहे. आल्यावर सांगतो."

"तुमच्या चार्जरसाठी आता गणपती थांबवायचा?" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला, तो उचलला नाही.

दूध तिथेच एका पायरीवर ठेवलं आणि स्कूटर काढली. खारेगाव, माणकोली, मग खाडीवरचा पूल. सगळ्या वाटेवर मी मोठ्याने बोलत होतो, "थांब बाबा, थांब रे." देवाला म्हणत होतो की त्या खणणाऱ्याला, मला माहीत नाही. रडत होतो एवढं नक्की.

गल्लीत शिरलो तेव्हा तीन खड्डे झाले होते. बिल्डिंगमधलेच एक निवृत्त पोस्टमन चौथ्यावर पहार उगारून उभे होते, अनवाणी. देवाचं काम म्हणून ते दरवर्षी अनवाणीच खणतात, हे मला नंतर कळलं. मी स्कूटर पाडली आणि दोन्ही हातांनी त्यांची पहार धरली.

"ओ, काय चाललंय काय?" सेक्रेटरी ओरडत आले.

"खाली चालू केबल आहे," मी म्हणालो. "वीतभरच खाली. वर विटा नाहीत. मीच टाकलेली."

पोस्टमननी पहार लांब फेकली.

"तिसऱ्यात कायतरी कडक लागलेलं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं पाण्याचा पाइप. म्हणून जरा सरकून खणलं."

मी गुडघ्यांवर बसून तिसऱ्या खड्ड्यात वाकलो. सरकलेल्या बाजूची घट्ट माती मऊ व्हावी म्हणून त्यांनी बादलीभर पाणी ओतलेलं, सगळा चिखल. कडेला माझी केबल दिसत होती; पहिल्या दोन खड्ड्यांत ती काठाच्या बोटभर मातीआड थोडक्यात वाचली होती. वरचं काळं कवच फाटलेलं, आतली पोलादी पट्टी चेपलेली. आणखी एक घाव बसता तर संपलंच होतं.

"हे फोनवर का नाही सांगितलंत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नोकरी जाईल म्हणून."

मी पोस्टमनना विचारलं, "हा तिसरा कधी घेतलात?"

"आत्ताच की," तळव्याचा चिखल फुटपाथच्या कडेला पुसत ते म्हणाले. "यांना तुमचा फोन आलेला ना, तेव्हा आम्ही दुसऱ्यावर होतो."