दहा म्हणजे दहा

१९७२च्या मार्चमध्ये मी लेफ्टनंट होते, मिलिटरी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात नर्सिंग ऑफिसर. साठ दिवसांच्या रजेवर हिंगोलीला माहेरी निघाले होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्जन मेजरसाहेबांनी बोलावलं.

"लेफ्टनंट, सिपाही राठोड तुमच्याच भागातला. सिक लीव्हवर जातोय. ऑपरेशन मी केलं. हात तुम्ही परत आणायचा."

"यस सर."

गणपत राठोड बावीस वर्षांचा, कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा. डिसेंबरच्या युद्धात मॉर्टरच्या स्प्लिंटरने त्याच्या उजव्या तळहातातल्या दोन कंडरा तुटल्या होत्या; जखम भरल्यावर, फेब्रुवारीत साहेबांनी त्या शिवल्या. कंडरा म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या. शिवल्यावर हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये राहतो. मग बोटं हलवावीच लागतात, नाहीतर दोरी आतल्या मांसाला चिकटते आणि बोट कायमचं ताठ होतं. मात्र जोर लावला तर टाका तुटतो. तुम्ही मुलं विचारता ना, ऑपरेशन झाल्यावर नर्सला काय काम उरतं? हे काम उरतं.

माझा हुकूम साधा होता. दर तासाला दहा वेळा बोटं सावकाश वाकवायची. उचलायचं नाही, पिळायचं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला तो एसटीने आमच्या घरी यायचा. कोमट पाण्यात हात, मग व्यायाम. शेवटी बोटाचं टोक तळहातापासून किती दूर राहतं ते मी पट्टीने मोजून वहीत लिहायची. दोन आठवडे अंतर कमी होत गेलं.

त्याच्या डाव्या खिशात एक मनगटी घड्याळ असायचं, बंद पडलेलं. ते नाईक भीमराव खिल्लारेचं, त्यांच्या सेक्शनच्या वायरलेस ऑपरेटरचं. १६४० वाजता, म्हणजे दुपारी चार चाळीसला, भीमरावने सेटवर शेवटचा निरोप दिला, "दोन जखमी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर." त्या दोन जखमींत तो स्वतः होता. त्याला ओढून आणताना गणपतच्या हाताला स्प्लिंटर लागला. प्राण जाण्याआधी भीमरावने घड्याळ काढून दिलं, "आईला दे." चावी न दिल्याने ते दुसऱ्या दिवशी थांबलं.

"बंद घड्याळ कसं देऊ, मॅडम? चावी मीच देणार, ह्याच हातानं."

तिसऱ्या शुक्रवारी तो आईला घेऊन आला. हात ओढणीत गुंडाळलेला. सोडून पाहिला तर तळवा लाल, बोटं सुजलेली. वाकत नव्हती.

"किती वेळा केलं?"

"दर तासाला शंभर."

"हुकूम काय होता?"

"दहा. पण ट्रेनिंगमधे उस्तादनं दहा दंड म्हटलं तर आमी वीस मारतो, मॅडम. मला वाटलं जल्दी होईल."

"आणखी काय केलं?"

त्याची याडी, म्हणजे आई, बोलली, "शिरड शहापूरहून भीमरावच्या मायचा निरोप आला, बाई. पोराचा दोस्त घरी आला म्हणं, मंग भेटायला काहून येत न्हाई? तवापासून हा घड्याळाची चावी पिळून राहिला."

टाका तुटला का, हे मला तिथेच तपासता येत नव्हतं. सुजेवर जोर दिला असता तर उरलेला धागाही गेला असता. हात बँडेजमध्ये बांधून उशीवर उंच ठेवला. ट्रंक कॉल लावला. साहेब ऑपरेशनमध्ये होते. तासाभराने निरोप आला, "दोन दिवस थांबा. मग तपासा." मायलेक आमच्या पुढच्या खोलीत राहिले. मी वही उघडून बसले. सगळे आकडे बरोबर होते. मी त्याला आकडा दिला होता, कारण दिलं नव्हतं. चूक माझीही होती.

रविवारी सकाळी नऊला सूज उतरली. मी त्याच्या बोटाचं मधलं पेर धरलं. टोक त्याने स्वतः वाकवलं, तर टाका शाबूत.

"फक्त टोक वाकव."

काही नाही.

"पुन्हा."

टोक हललं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मग दुसऱ्या बोटाचंही. मी मोजायची पट्टी शोधू लागले. ती माझ्या हातातच होती.

मग मी त्याला आतली दोरी, टाका, सगळं कागदावर काढून दाखवलं. याडी ओढणीवर आरसे शिवत होती. तिने मान वर केली.

"टाका पक्का व्हायच्या आदी ओढला तर आरसा गळतो. आठ वर्षांच्या पोरीला कळतं. फौजेत शिकवत न्हाईत व्हय?"

"न्हाई, याडी."

"मंग बाईचं ऐक. दहा म्हंजी दहा."

पुढे मेडिकल बोर्डाने त्याला लो मेडिकल कॅटेगरी दिली, म्हणजे हलकं काम, पण फौजेत ठेवलं.

माझ्या रजेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं शिरड शहापूरला गेलो. भीमरावची आई गयाबाई दारातच उभ्या होत्या. गणपतने सॅल्यूट केला, घड्याळ काढलं. पहिल्यांदा चावी चिमटीतून निसटली. मी हात मागे बांधून उभी राहिले. दुसऱ्यांदा फिरली. गयाबाईंनी घड्याळ कानाला लावलं.

"चालू हाय." मग विचारलं, "रोज द्यावी लागती?"

"व्हय, माय. रोज सकाळी."

"मला येत न्हाई. दाखव."

त्याने त्यांची बोटं चावीवर ठेवली.

"हळू. दहाच वेळा."

त्या मोठ्याने मोजत होत्या.

नाईक भीमराव खिल्लारे, वायरलेस ऑपरेटर, राहणार शिरड शहापूर. मी त्याला कधी पाहिलं नाही. माझ्या वहीत शेवटची नोंद त्याच्या नावाची आहे.