पिनांची डबी

आमची कंपनी आरमोरीला पोहोचली तेव्हा पाऊस थांबून सहा तास झाले होते, पण वैनगंगा अजून चढतच होती. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. मी नाईक शमुवेल साळवे, इंजिनीअर रेजिमेंट, मूळचा चंद्रपूरचा. हुकूम साधा होता: चार असॉल्ट बोटी, पुरात अडकलेल्या गावांतून माणसं काढायची. बोट नंबर दोन माझी. सोबत लान्स नाईक तुळशीराम मेश्राम, मूल गावचा. कंपनीत या मुलखातले आम्ही दोघेच, म्हणून कॅप्टनसाहेबांनी आम्हाला एका बोटीत टाकलं.

बोटीला मागे मोटर असते. तिच्या पंख्यात एक बारीक पिन बसवलेली असते. पाण्याखाली पंखा कशावर आदळला की ती पिन तुटते आणि मशीन वाचतं. मग जादा पिन घालायची, पाच मिनिटांचं काम. जादा पिना बोटीच्या कमांडरने स्वतःजवळ ठेवायच्या, असा नियम. माझ्याकडे तीन होत्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत.

दुसरी एक डबीही माझ्याजवळ होती. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरात वचनांची डबी असते. देवाने दिलेली वचनं चिठ्ठ्यांवर लिहून त्यांच्या गुंडाळ्या करून ठेवतात. सकाळी प्रार्थना करून एक काढायची, ते त्या दिवसाचं वचन. भरती झालो तेव्हा आईने मला पुठ्ठ्याची डबी दिली होती, चिठ्ठ्या तिच्याच हातच्या. मेश्राम बौद्ध. तो देव मानत नव्हता आणि मी मानतो म्हणून त्याने मला कधी दुखावलंही नाही. पण चेष्टा केल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. "काऊन जी साळवेभाऊ, लागली का लॉटरी?" रोज हेच.

पहिल्या संध्याकाळी आमचा तंबू गळला. पुठ्ठ्याची डबी भिजून लगदा व्हायची वेळ आली. मी पिना रुमालात बांधून बिस्तऱ्याखाली ठेवल्या आणि चिठ्ठ्या पिनांच्या डबीत भरल्या. सकाळी परत बदलू म्हटलं.

सकाळी ०५४० ला चिठ्ठी काढली. अर्थ असा होता: पाण्यातून जावं लागलं तरी मी तुझ्यासोबत असेन. पुराच्या ड्यूटीवर निघालेल्या माणसाला पाण्याचं नाव नको होतं. परत टाकली. डबी हलवून पुन्हा काढली तर तीच आली. तीही परत टाकली. तिसऱ्या वेळी मनासारखी निघाली, कसलीच इजा होणार नाही अशी. तेवढ्यात फॉल-इनची शिट्टी झाली. डबी खिशात घालून मी पळालो.

ट्रकमध्ये मेश्रामने विचारलं, "पिना घेतल्या ना जी?"

मी खिशावर थाप मारली. "घेतल्या."

इथपर्यंत ती चूक होती. ०७१५ ला पहिली फेरी झाली, ०९३० ला दुसरी. दुसऱ्या फेरीनंतर काठावर चहा पिताना हात खिशाकडे गेला आणि मला आठवलं. कॅम्प ट्रकने चाळीस मिनिटांवर होता. पण बोट नंबर एक शेजारीच बांधलेली, आणि तिच्या हवालदाराकडे जादा पिना होत्या. फक्त तोंड उघडायचं होतं. कॅप्टनसाहेब दहा पावलांवर उभे होते आणि माझ्या नोकरीत तोवर एकही शेरा नव्हता. मी स्वतःला म्हटलं, आजचं वचन चांगलं आहे, देव सांभाळेल. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती आणि त्या लाजेवर मी देवाचं नाव पांघरलं.

तिसऱ्या फेरीत ११०५ ला एका शाळेच्या छतावरून नऊ माणसं घेतली. एक म्हातारी, दोन बाया, चार पुरुष, दोन लेकरं. आमची लाइफ जॅकेटं आम्ही लेकरांना घातली. ११२५ ला पंखा पाण्याखालच्या शेताच्या धुऱ्यावर आदळला. मोटर नुसतीच ओरडू लागली. बोट आडवी झाली आणि धारेला लागली. खाली चारशे यार्डांवर रस्त्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, होता आणि त्यावरून पाणी कोसळत होतं. त्याचा आवाज बोटीत ऐकू येत होता.

"पिन दे!" मेश्राम म्हणाला.

मी डबी काढली. झाकण उघडलं. आत आईच्या चिठ्ठ्या.

मेश्रामने पाहिलं. तेवढ्यात वायरलेस सेट बोलला.

"बोट दोन, काय झालं? ओव्हर."

"पिन तुटली. ओव्हर."

"जादा घाला. ओव्हर."

"जादा पिना पाण्यात पडल्या. ओव्हर."

हे मेश्रामने ऐकलं. बोटीच्या दोराचं टोक मनगटाला गुंडाळत त्याने समोरचं मोहाचं झाड दाखवलं. आम्ही दोघांनी वल्ही मारून जमेल तेवढी बोट तिकडे वळवली, आणि त्याने उडी घेतली. तो झाडाला पोहोचला. खोडाला दोराचे दोन वेढे दिले. बोट झटका खाऊन थांबली.

"गाठ मार!" मी ओरडलो.

"टोक उरलं नाई. धरून राह्यतो."

म्हातारी मोठ्याने रडायला लागली. तो तिकडून ओरडला, "भेऊ नोको माय. मी हावो इथी."

वीसेक मिनिटं तो गळाभर पाण्यात दोर धरून उभा होता. रडण्याचा आवाज वाढला की तो तेवढंच म्हणायचा, "मी हावो इथी." मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. कोणत्या तोंडाने मागणार होतो?

११४९ ला बोट एक आली. लेकरं आधी, मग बाया, मग पुरुष. शेवटी मी चढलो. ११५६ ला वरून एक ओंडका आला. मेश्रामची त्याच्याकडे पाठ होती. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. नंतर झाडाजवळ कोणी नव्हतं आणि आमची रिकामी बोट रपट्याकडे निघाली होती.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी रपट्याच्या खालच्या धानाच्या बांधीत सापडला. मनगटावर दोराचा वळ होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी तेच सांगितलं, जादा पिना पाण्यात पडल्या. लिहून घेतलं, मी सही केली. खरं माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो गेला होता. मला त्या सहीने सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही.

पुढे बॅरेकमध्ये ती पाण्याची चिठ्ठी मी शोधून काढली. देवाने ती दोनदा माझ्या हातात ठेवली होती. त्याने पाण्यापासून वाचवीन असं म्हटलंच नव्हतं, सोबत असेन म्हटलं होतं. ते पाळलं गेलं. पाण्यात मी एकटा नव्हतो. 'मी हावो इथी' म्हणणारा झाडाला धरून उभा होता, आणि तो देव मानतच नव्हता. हे मला आजही पेलत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मूलला गेलो. मेश्रामची आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी समोर बसलो.

"माय, पिना पाण्यात पडल्या नव्हत्या. मी नेल्याच नव्हत्या."

सूप थांबलं. "त्यानं तुले इचारलं होतं का?"

"हो."

"अन् तू घेतल्या म्हनलं?"

"हो."

"मंग तुह्या शब्दावर गेला तो."

तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं. मी उठलो. तेव्हा म्हणाली, "माफ केलं असं माह्या तोंडून निघत नाई. पन तू आला. दरसाली येत जाय. आता जेवून जाय."

परत गेल्यावर रेजिमेंटच्या सी.ओ. साहेबांना सगळं लिहून दिलं. माझी नाईकपदाची फीत गेली. ती जायलाच हवी होती.

मूलला मी ती असेपर्यंत जात राहिलो. दोन वर्षं चुकली, एकदा मलेरिया होता म्हणून आणि एकदा नुसत्या आळसाने. दोन्ही वेळा पुढच्या साली तिने काही न विचारता माझं ताट वाढलं. माणसाच्या शब्दाचा भरवसा किती, ते मी स्वतःवरून सांगू शकतो. देव माझ्यासारख्याला दिलेला शब्दही मोडत नाही, हे मला त्या ताटावर बसून कळलं.

आता मी चिठ्ठी एकदाच काढतो. जी येईल ती.

चर्चमध्ये कधी कधी मला साक्ष द्यायला उभं करतात. पुरातून देवाने कसं वाचवलं ते सांगा, म्हणतात. मी उभा राहतो आणि आधी नाव सांगतो. लान्स नाईक तुळशीराम मेश्राम, राहणार मूल. मग सांगतो की त्या सकाळी ट्रकमध्ये त्याने मला विचारलं होतं, "पिना घेतल्या ना जी?"