काशीची गाडी आणि आजोबांची मंडपी

माझा धाकटा भाऊ काशीराम. मिरजोळ्याला कारखान्यात फिटर होता. फाल्गुनात कामावरच छातीत कळ आली आणि गेला. लग्न केलंनच नाही. पावसच्या घरात तो आणि मी, दोघंच. आता मी एकटी.

त्याला नाद एकच, बारक्या आगगाडीचा. पोरांचं खेळणं नव्हे हो, रूळ, बोगदा, स्टेशन सगळं खऱ्यासारखं. मुंबईच्या कुणाचं तरी जुनं इंजिन आणि रूळ आणलेन, बाकी विकत काही घ्यायचं नाही असं ठरवलंन. चिऱ्याची पूड चाळून जमीन केलीन. सुकलेल्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवून झाडं. डोंगर रद्दीचा आणि खळीचा. आधी पेपर कापून ओटीवर पसरायचा, गाडी वळेल का ते बघायचा. मी केरसुणी घेऊन आले की ओरडायचा, "ताई, थांब! घाटात पाय पडेल!"

"घाट कसला, माझी ओटी आहे ती."

"संध्याकाळपर्यंत रेल्वेची."

हे सगळं एका फळीवर. एवढी मोठी फळी ठेवणार कुठे? म्हणून वर टांगायचं ठरलं. दोरी सोडली की खाली, ओढली की आढ्याला. फळीखाली चौकट हवी, तर माळ्यावरची मंडपी काढलीन. आमच्या आजोबांची मंडपी, फणसाच्या लाकडाची. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतो, तिला नारळ, सुपाऱ्या, रानातली लाल कवंडळं बांधतो. मी म्हटलं, "अरे, देवाची आहे."

"देव वर्षभर वापरतो काय? चतुर्थीआधी स्क्रू काढतो, झालं."

पण फळी मधे लोंबायला लागली तसा फळी आणि मंडपीच्या मधे गोंद पण भरलान. ते मला नंतर कळलं.

तो गेल्यापासून ती फळी वरच. खाली घ्यायला हात होईना. श्रावण संपत आला, चतुर्थी तोंडावर आली, तशी माझी झोप गेली. भात चुलीवर ठेवायची आणि ओटीवर जाऊन वर बघायची. परत आत. भात करपायचा.

मोठा भाऊ आप्पा मुंबईहून आला, मूर्ती आणायच्या आदल्या दिवशी. आल्या आल्या वर बघितलंन. "सगुणे, हे काय गो?"

सांगितलं. चिडला. "शेवटपर्यंत पोरच राहिला! मंडपीशिवाय गणपती बसवायचा? कधी झालंय आपल्या घरात?"

फळी खाली घेतली. स्क्रू सुटले, फळी सुटेना. आप्पाने पटाशी घातलीन आणि हातोडी मारलीन. डोंगराला भेग गेली. दुसरी मारलीन तर मंडपीची पट्टी करकरली.

"थांब रे! दोन्ही जातील!"

थांबला. पटाशी टाकून अंगणात गेला, परत आला, परत गेला. मी पण त्याच्या मागे आत बाहेर. मग खाली वाकून फळीच्या खालून बघत बसला.

"मंडपी खालून मोकळी आहे गो. कवंडळं खालूनच बांधायची ना? वर काय आहे ते कोण बघतंय?"

"आणि वजन? मूर्तीवर पडली तर?"

"पडते काय बघू." फळी हात पोचेल इतकी वर ओढली, दोरी बांधली, आणि हा पाय उचलून मंडपीला लोंबकळला. पोट सुटलेला माणूस!

"उतर मेल्या, साठी उलटली तुझी!"

"काशीने बांधलंनय. धरेल." असं बोलला आणि तिथेच रडायला लागला, लोंबकळतच. मी कमरेला धरून उतरवला.

दुसऱ्या दिवशी गणपती आला. मंडपीला सगळं बांधलं. वाडीतली माणसं आरतीला आली, टाळ्या, झांजा, नुसता दणदणाट. प्रत्येक टाळीला कवंडळं हलायची. सगळ्यांचे डोळे मूर्तीवर, माझे आढ्याच्या कडीवर. वर काशीचा डोंगर, खाली देव, मधे जुनी दोरी. देवा, तुझ्यावर नको आणि त्याचंपण मोडू नको, एवढंच मनात.

आरती संपली. मंडपी होती तिथेच होती. आप्पा कानाशी येऊन बोलला, "आता तरी खाली बघ, प्रसाद वाट."

उठले. डोळे परत परत कडीवर, पंचखाद्य अर्धं लोकांच्या हातात, अर्धं जमिनीवर.