अळिवाच्या लाडवांवरची एक ओळ

मी पेणची. अळिवाचे लाडू करून विकते. ते कशासाठी खातात हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बाळंतिणीला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नसतं, लाडवांचा डबा न्यायचा. माझी चूक एवढीच, की बायका पिढ्यान्‌पिढ्या तोंडाने सांगत आल्या ते मी डब्यावर छापलं: 'बाळंतिणीची कंबर भरते, दूध वाढते.'

रोह्याच्या दुकानदाराने एक दिवस फोन करून सगळे डबे परत न्यायला सांगितले. माझी निम्म्याहून जास्त विक्री त्याच्याकडे. तपासणीला आलेल्या अन्न-औषध खात्याच्या साहेबांनी त्याला बजावलं होतं, की असं काही लिहिलं की ते औषध होतं आणि औषधाला परवाना लागतो.

मी तडक त्या साहेबांच्या ऑफिसात गेले. ते बिचारे शांतपणे समजावत होते. औषध करायचं तर वेगळी जागा हवी, शिकलेला माणूस पगारावर हवा. "नाहीतर ती ओळ काढा, ताई. मग खुशाल विका." लाडू तोच, कढई तीच, आणि एका ओळीपायी मी कारखाना काढायचा! लाडवाने मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्यांना धरा की, मी स्वतः टाळ्या वाजवीन.

तरी घरी येऊन ओळ काढली. नुसतं अळीव, गूळ, सुकं खोबरं, तूप, जायफळ एवढंच ठेवलं आणि डबे पुन्हा रोह्याला नेले. मी दुकानात असतानाच जवळच्या खांब गावची एक बाई आली. तिची लेक नुकतीच बाळंत झाली होती. माझा डबा हातात घेऊन तिने विचारलं, "बालंतिनीला चालतील ना ह्ये?"

दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला काय सांगता यायचं नाय. मिठाई हाय ती."

बाईने डबा खाली ठेवला आणि शेजारचा कंपनीच्या पावडरचा डबा उचलला. त्यावर माझीच ओळ छापलेली होती, खाली परवान्याचा नंबर. अळीवही तेच. माझं डोकंच फिरलं.

"थांब गो," मी तिचा हात धरला. "माझी दोन बाळंतपणं ह्याच लाडवांवर गेलीत."

"ताई, माझ्या दुकानात नको," दुकानदार घाबरून म्हणाला.

मी सगळे डबे उचलले आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. बाई मागोमाग आली. दोन डबे घेऊन गेली.

आता बाजारात मीच बसते. दुकानात खपायचे त्याच्या निम्मेही खपत नाहीत, आणि ते मला झोंबतं. पण लाडू कशासाठी, असं जी विचारील तिला मी सांगते, चांगली मोठ्याने. साहेबांनी यावं आणि ऐकावं.