झाकलेली एम.ए.

वाघमारे गुरुजींना कुणी "किती शिकलात?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याला खाली बसवायचे. म्हणायचे, "उभ्या उभ्या सांगायजोगं न्हाई ते."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दुष्काळी कामावर, खडी फोडताना. मी मुकादम. चौथी नापास, पण हुकूम माझा. एम.ए. झालेला माणूस माझ्या हाताखाली, याची मला लई मजा वाटायची. एकदा भाकरीच्या सुट्टीत डिवचलं, की बी.ए. पुरत नव्हतं का? ते हातोडा ठेवून बसले. "मुकादम, बी.ए. म्हंजे गावातल्या साऱ्या विहिरी ठाऊक असणं. एम.ए. म्हंजे त्यातली एकच धरून तळापर्यंत उतरणं." पीएच.डी.चं विचारलं तर हसले. "तिथं आपली नवी खोदायची. पाणी लागंलच असं न्हाई." त्या सालात विहिरीचं बोलणं कुणालाही कळलं असतं. मलाही कळलं.

पुढं ते आमच्याच गावच्या हायस्कुलात लागले. माझी शांता बी.ए. झाली तेव्हा त्यांनी महिनाभर माझी पाठ सोडली नाही. शेवटी दोन वर्षं नांदेडला राहून ती एम.ए. झाली.

तोवर लातूर जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत चिकटलेल्या एका पोराचं स्थळ आलं. पोरगा बी.ए. आमच्यात नवरी नवऱ्याहून जास्त शिकलेली चालत नसे. मी पाहुण्यांना सांगितलं, पोरगी बी.ए. घरात सगळ्यांना तंबी दिली, गुरुजींनाही दिली. ते गप्प राहिले. मी तो होकार समजलो. बैठकीत पोराच्या मामानं नेमकं त्यांनाच विचारलं, मग दोन वर्षं पोरगी नांदेडात काय करत होती?

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मग शांताकडं. "एम.ए. केलं तिनं. पहिल्या वर्गात."

पाहुणे चहा न घेता उठले. मी चारचौघांत म्हणालो, पुन्हा माझी पायरी चढू नका. चपला घालताना ते एवढंच बोलले, "मुकादम, चोरीचा माल झाकत्यात. हिनं कमावलंय."

त्यानंतर ते समोरून आले तर मी वाट बदलायचो. शांता माझ्याशी कामापुरतंच बोलायची. वर्षानं दुसरं स्थळ आलं. पाहुणे टेकायच्या आत मी सांगून टाकलं, पोरगी एम.ए. आहे, पटत असेल तर चहा टाकतो. ते थांबले. लग्न ठरलं.

पत्रिका गुरुजींना मीच नेऊन द्यायला हवी होती. पण आधी त्यांनी बोलावं, या हेक्यात आठ दिवस घालवले. नवव्या दिवशी ते गेल्याचं कळलं.

त्यांच्या बाईंसमोर मी खाली मान घालून बसलो. त्या म्हणाल्या, "लग्नाचं त्यास्नी कळलं होतं. रोज म्हणायचे, माझा सदरा धुऊन ठिव, मुकादम बोलवाया येतील."