कांडीची मूठ

जेवणं उरकली की इंदूताईंचा डोळा लागतो, तसा आजही लागतोय. उशाशी पेरूच्या फांदीची जादूची कांडी आहे, टोकाला बुडबुडे काढायचं तारेचं कडं; शेजारी चाकू. नात ओवीच्या वाढदिवसासाठी यजमानांनी, दामूमास्तरांनी, ती तासायला घेतली आणि अर्धी टाकून श्रावणात गेले. वाढदिवस उद्यावर आलाय. मूठ मात्र भलती जाड आहे, कारण मास्तरांनी सवयीनं ती स्वतःच्याच पंजात धरून पाहिली. सहा वर्षांच्या पोरीच्या हातात ती काय मावणार? तासायला हवी, हे इंदूताईंना कळतं. पण तासली की मास्तरांच्या हाताचं शेवटचं मापही जाणार, म्हणून चाकू उचलवत नाही.

"साबणाच्या पाण्यात जरा साखर घाल," कुणीतरी म्हणतं.

मास्तर ओट्याशी उभे आहेत, नुसत्या बनियनवर, वाटीत कांडी ढवळत. इंदूताई साखरेचा डबा काढायला वळतात, तर फडताळ नाहीच. दोघं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात उभे आहेत, पायांत घरच्याच सपाता.

"स्वेटर तरी घालायचा होतात," त्या म्हणतात. गेलेल्या माणसाला सर्दीची काय भीती, पण संसाराची सवय अशी थोडीच सुटते.

मास्तर फुंकर घालून बर्फाच्या लादीवर अलगद बुडबुडा टेकवतात. "आता बघ."

बुडबुडा खालून गोठू लागतो. बर्फाचे बारीक कण सुटतात आणि त्याच्या अंगावरून भिरभिरत वर जातात.

"हे फिरतात कशानं हो?"

"पाणी गोठताना ऊब सोडतं. त्या उबेनं उरलेलं पाणी वाहू लागतं आणि कण तोडून सोबत नेतं."

"गोठताना ऊब? काहीतरीच तुमचं."

"वर्गातही कुणाला पटायचं नाही." ते हसतात आणि कांडी इंदूताईंच्या हाती देतात. "मूठ जाड झालीय माझ्याकडून."

"असू दे. तुमचा हात आहे त्यात."

"अगं, माझा हात घेऊन ओवी काय करील? तिचा तिला बसू दे. तास."

"मग मला काय उरेल?" इंदूताईंना रडू फुटतं.

मास्तर मागून येऊन इंदूताईंच्या हातावर हात ठेवतात, आणि तो हात चांगला ऊबदार आहे. दोघं मिळून चाकू ओढतात.

जाग येते तेव्हा उन्हं कललेली आहेत. गाल ओले आहेत, चाकू हातात आहे. चादरीवर लाकडाची एक पातळ ढलपी पडलीय आणि मुठीवर ताजा काप.

इंदूताई कापावरून अंगठा फिरवतात. मग अंगणात हाक मारतात.

"ओवी, इकडे ये गं. हात दे बघू तुझा, माप घ्यायचंय."