अप्पांच्या कानांवर हेडफोन

बँकेतली नोकरी सोडून मी माहितीपट करायला लागले, तेव्हा घरात फक्त अप्पा माझ्या बाजूने होते. कारखान्यात प्रेस मशीनवर जन्म काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. ध्वनिमुद्रक ठेवणं मला परवडत नव्हतं. अप्पा म्हणाले, "मी धरतो की माईक. शिकव मला."

आणि ते शिकले. शहराच्या टोकाला, येलहंक्याला आमचं घर; तिथून बसने निघायचो. कॅमेऱ्याची पेटी माझ्या मांडीवर, माईकची पिशवी त्यांच्या. माझ्या पहिल्या दोन छोट्या फिल्म्सचा आवाज त्यांनीच घेतला. कानडीत, मराठीत, कुठलीच भाषा जुळली नाही तर हातवाऱ्यांनी, ते कुणालाही बोलतं करायचे. ते मला कधीच जमलं नाही.

तिसरी फिल्म एका म्हाताऱ्या गायिकेवर होती. तरुणपणी ती धारवाड-बेळगावकडे फिरत्या नाटक कंपनीत गायची. आता आमच्याच शहरात, मल्लेश्वरमला मुलाकडे राहत होती. मी बरेच महिने मागे लागले होते, पण ती गायला तयार नव्हती. "आवाज गेला गं माझा," म्हणायची. एक दिवस आम्ही चित्रीकरणाला गेलो, तेव्हा अप्पांनी तिला सांगितलं, लहानपणी ते नाटकाच्या तंबूत कापडाखालून कसे घुसायचे आणि राखणदाराने एकदा पाय धरून कसं बाहेर ओढलं. ती खूप हसली, आणि हसता हसता गायला लागली. अप्पा हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत राहिले. मी कॅमेऱ्यातून तिचा चेहरा बघत होते. बाकी कशाकडे माझं लक्षच नव्हतं.

एडिटिंगला बसले तेव्हा कळलं, सबंध गाण्यावर एक बारीक, टोचणारी शिट्टी होती. शेजारच्या खोलीतल्या फ्रीजच्या स्टॅबिलायझरची. मी अप्पांना बोलावून टेप ऐकवली.

"शिट्टी ऐकू येतेय?"

"कसली शिट्टी?" त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. "स्वल्प मोठा कर."

मी आवाज वाढवला. माझे दात शिवशिवले. ते मात्र तसेच, शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखे माझ्याकडे बघत बसले. मी मशीन बंद केलं. "काही नाही अप्पा, माझंच मशीन खराब असेल."

पुन्हा चित्रीकरण ठरवलं, तेव्हा मी ओळखीतल्या एका ध्वनिमुद्रकाला विनवून बोलावलं. सकाळी अप्पा पिशवी खांद्याला लावून दारात उभे होते. मी म्हटलं, "तुमची पाठ दुखतेय ना, आज राहू दे." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "सरी," एवढंच कानडीत म्हणाले, म्हणजे 'बरं'.

गायिकेने दारातच विचारलं, "वडील कुठे तुझे?"

"बरं नाही त्यांना."

दोन ओळी गाऊन ती थांबली. "मागच्या वेळी ते ऐकत होते म्हणून गायले. आज नाही जमायचं." या दुसऱ्या वेळची टेप अगदी स्वच्छ होती आणि तिच्यात घेण्यासारखं काहीच नव्हतं.

शेवटी शिट्टीवालं गाणंच फिल्ममध्ये घेतलं. लोकांनी डोळे पुसले. त्या गाण्यामुळेच मला पुढची कामं मिळाली. पहिल्या खेळाला अप्पा माझ्या शेजारी होते. कानाशी येऊन म्हणाले, "आवाज चांगला आलाय ना?"

"हो, फार चांगला."

पुढच्या कामांवर मी ध्वनिमुद्रण शिकलेले लोक नेत गेले. अप्पांनी कारण विचारलं नाही. मी निघाले की ते डबा भरून द्यायचे आणि फाटकापर्यंत यायचे.

काही वर्षांनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक, उंच आवाज यांना पूर्वीपासूनच ऐकू येत नसणार, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर रिक्षाची वाट बघताना अप्पांनी विचारलं, "म्हणजे त्या बाईंच्या गाण्यात खरंच शिट्टी होती?"

"होती."

"मग तेव्हाच सांगायचं गं. माईक नाही तर दुसरं काहीतरी धरलं असतं मी. दिवे धरले असते."

तोवर त्यांना घराचा जिना चढतानाही धाप लागत होती.